दगड टाकण्याआधी वर बघा

गोसावींचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते, ओठ वांग्यासारखे फुगले होते आणि रेडिओचा माईक माझ्या हातात होता. झोपडीत धूर इतका की समोरचं माणूस दिसेना. बाहेर आग्या मोहोळाच्या माश्या कुडावर येऊन आदळत होत्या. गोसावींच्या घशातून प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज निघत होता, आणि तशातही ते मला शिकवत होते.

"बटण दाबा, मावशी. बोला."

मी बटण दाबलं. "हॅलो, भामरे सर. गोसावींना माश्या चावल्यात. हॅलो. ऐकताय का? अहो, बोला की."

पलीकडून काही नाही. मी तेच आणखी मोठ्याने सांगितलं. मग त्याहून मोठ्याने. गोसावींनी चाचपडत माझा अंगठा शोधला आणि बटणावरून उचलला.

"सोडल्याशिवाय ऐकू कसं येणार," ते म्हणाले. मरायला टेकलेला माणूस माझी कीव करत होता.

मी तिथे कशी पोचले ते सांगते, नाहीतर हे सगळं खोटं वाटेल.

माझं नाशिक रोडला स्टेशनच्या बाजूला लॅमिनेशनचं आणि रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, आत लॅमिनेशनचं मशीन, एक कटर आणि मी. माझं शिक्षण चौथी. शिक्क्यासाठी अक्षरं उलटी जुळवावी लागतात, म्हणून इंग्रजी अक्षरं मी आधी उलटी शिकले आणि सुलटी नंतर. वाचता येतात. जोडून शब्द होतो तेव्हा त्याचा अर्थ काय, ते गिऱ्हाइकाला विचारायचं. त्यात मला कधी लाज वाटली नाही. शिंप्याला कुणी विचारतं का, सदरा घालून तुम्ही कुठे जाणार म्हणून?

लॅमिनेशन म्हणजे कागद दोन प्लास्टिकच्या मध्ये घालून गरम रोलरमधून काढायचा. शाळेचे दाखले, देवांचे फोटो, रेल्वेचे पास, नोटांच्या प्रेसमधल्या लोकांची ओळखपत्रं, हे आमचं रोजचं. एकदा एकाने पिंपळाचं पान आणलं होतं. एकाने मेलेल्या पोपटाचं पीस. कशाला म्हणून मी विचारलं नाही. घडी पडली की मात्र बोलणी खावी लागतात.

भामरे सर आले ते नव्वद सालानंतर कधीतरी. मूळचे देवळ्याचे, विज्ञानाचे मास्तर, निवृत्त होऊन नाशिक रोडला राहिलेले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दोन्ही बाजूंनी टाइप केलेला कागद.

"बाई, हे खिशात मावलं पाहिजे, पावसात भिजायला नको, आणि म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

"तिन्ही जमणार नाहीत. कुठल्याही दोन सांगा."

ते कागदाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "खिसा आणि पाऊस."

तेव्हापासून आमचं जमलं.

ते होते हौशी रेडिओवाले. आता हे काय असतं ते सांगते. आकाशवाणी ऐकणारे वेगळे. हे लोक घरात स्वतःचा रेडिओ ठेवतात, ज्यावर ऐकता येतं आणि बोलताही येतं. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग सरकार परवाना देतं आणि इंग्रजी अक्षरं नि आकडा मिळून एक नाव देतं. गच्चीवर तार बांधायची, रेडिओ लावायचा आणि जगात कुठेतरी असाच एक माणूस तार बांधून बसलेला असेल त्याला हाक मारायची. सापडला की एकमेकांना विचारायचं, माझा आवाज कसा येतोय. तो म्हणतो चांगला येतोय. हा म्हणतो तुमचाही चांगला येतोय. मग दोघं खूश. एवढंच. मी सरांना विचारलं होतं, "पुढे काय बोलता?" ते म्हणाले, "हवामान."

पण हे बोलणं साध्या भाषेत नसतं. आवाज फुटतो, मध्ये खरखर येते, समोरच्याची भाषा वेगळी. म्हणून त्यांनी खुणेचे शब्द ठरवलेत. 'तुम्ही कुठे आहात' याला तीन अक्षरं. 'मिळालं, कळलं' याला तीन. माणसांमुळे गडबड येतेय याला तीन, आणि विजा-वादळामुळे येत असेल तर वेगळी तीन. आवाजाला मार्क देतात. कळण्याला पाचपैकी आणि जोराला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पहिला नंबर. त्यासाठी हे लोक काय वाटेल ते करतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे की जगाची वेळ मिळते. कुठल्या लांबीच्या लहरीला किती तार लागते त्याचं कोष्टक. हे सगळं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून ते खिशातलं कार्ड. एका बाजूला खुणा, दुसऱ्या बाजूला आकडे. पुढची कित्येक वर्षं ते मी करत राहिले. सरांचा गट वाढला तशी मनमाड, नांदगाव, धुळ्याकडूनही माणसं कार्डासाठी येऊ लागली.

त्यात गंमत अशी की रेडिओवर सगळे पुरुष एकमेकांना 'ओल्ड मॅन' म्हणतात, मग तो कॉलेजातला पोरगा का असेना. आणि सगळ्या बायका 'यंग लेडी'. लग्न झालेल्या बाईला माजी यंग लेडी असंही म्हणतात. मी सरांना म्हटलं, "मी आता कुठल्या रांगेत?" सर म्हणाले, "परीक्षा द्या, मग ठरवू." मी म्हटलं, परीक्षा तुम्हीच द्या, मला मशीन थंड होऊ द्यायचं नाही.

या कार्डापायी माझ्याकडे एक भांडण आलं होतं. नांदगावची एक बाई, पोस्टातल्या माणसाची बायको, सकाळच्या गाडीने उतरली ती थेट टपरीवर. तिने कार्ड माझ्यापुढे आपटलं.

"हे तुम्ही करता?"

"हो. का, सुटलं का प्लास्टिक?"

"प्लास्टिक मरू दे. हे वाचा. अठ्ठ्याऐंशी. याचा अर्थ मी माझ्या भाच्याला विचारला."

त्या आकड्याचा अर्थ मला सरांनी सांगितलेला होता. बोलणं संपवताना 'त्र्याहत्तर' म्हटलं की शुभेच्छा, आणि 'अठ्ठ्याऐंशी' म्हटलं की प्रेम आणि मुका. जुन्या तारवाल्यांपासूनची पद्धत आहे म्हणे.

"हा माणूस," ती म्हणाली, "माळ्यावर बसून रोज कुणाला तरी अठ्ठ्याऐंशी म्हणतो. मी जिन्यात उभी राहून ऐकलंय."

"कुणाला?"

"ते कळायला मला त्यांची इंग्रजी यायला पाहिजे ना."

मी तिला चहा पाजला आणि सरांना बोलावून घेतलं. सरांनी चौकशी केली. तो माणूस केरळातल्या एका रिटायर्ड नर्सबाईशी बोलायचा. वय पंचाहत्तरच्या वर. ती सगळ्यांनाच अठ्ठ्याऐंशी म्हणायची, आणि न म्हटलं तर रुसायची. बाईला हे सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पंचाहत्तरची असो नाहीतर शंभराची, मला एकदा तरी म्हटलंय का त्याने?" मी तिला आणखी एक चहा दिला. ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. पुढे तो स्वतः आला आणि म्हणाला, माझ्या कार्डावरून तो आकडा काढून द्या. मी म्हटलं, एका माणसासाठी नवीन छापत नाही, वर काळी पट्टी लावते. काळी पट्टी लावलेलं तसलं ते एकच कार्ड.

आता डोंगराकडे येते.

गटातल्या लोकांची एक तक्रार होती की कार्ड उन्हात चमकतं, वाचता येत नाही. ही तक्रार जास्त करून गोसावी करायचे. गोसावी फ्रिज दुरुस्तीवाले, चाळिशीचे, अंगाने भरलेले, सतत हसणारे. म्हणाले, "मावशी, आरसा दिलाय तुम्ही. त्यात भांग पाडता येतो."

"कुठल्या उन्हात चमकतं ते दाखवा. टपरीत बसून मला कसं कळणार?"

दर थंडीत त्यांच्यातले काही जण रेडिओ घेऊन डोंगरावर जायचे आणि तिथून सरांच्या गच्चीशी बोलायचे. सवय राहावी म्हणून. त्या वर्षी तिघं जाणार होते, दोघांच्या घरी लग्नं निघाली. गोसावी म्हणाले, मावशी, तुम्हीच चला, ऊन दाखवतो. मीही निघाले. गोसावींच्या टेम्पोत रेडिओ, गाडीची बॅटरी, तारेचं भेंडोळं आणि मी. पेठ गावाच्या पलीकडे रस्ता संपला तिथे टेम्पो उभा केला आणि पायवाटेने वर गेलो.

वर पठारावर सोनीबाई नावाच्या बाईची एकच झोपडी. नवरा आणि मुलगा द्राक्षाच्या बागांवर कामाला उतरलेले, ही एकटी. अंगणापलीकडे सादड्याचं मोठं झाड आणि त्याखाली तिची शेळी बांधलेली. तिने आम्हाला रेडिओ सावलीत ठेवायला झोपडीत जागा दिली आणि ती पाण्याला खाली गेली. झाडाबद्दल काही बोलली नाही. तिला काय माहीत आम्ही त्याचं काय करणार आहोत.

गोसावींनी झोपडीच्या मेढीपासून समोरच्या बुटक्या बोरीपर्यंत तार बांधली आणि सरांना हाक मारली. सर लगेच मिळाले.

"पाच-सात," सर म्हणाले.

गोसावींचं तोंड उतरलं. इतका डोंगर चढून पाच-सात. मला म्हणाले, "तार खाली पडतेय. उंच पाहिजे." या लोकांना तार कितीही वर बांधली तरी ती खालीच वाटते. आणि कार्डावर मीच लॅमिनेट केलेली ओळ होती, सरांनी लिहिलेली, की तार जितकी उंच तितकी चांगली.

तार उंच झाडावर न्यायची त्यांची रीत अशी की सुतळीला दगड बांधायचा आणि तो फांदीवरून पलीकडे भिरकवायचा. मग सुतळीने तार वर ओढायची. गोसावी सादड्याखाली उभे राहिले. मी उन्हात कार्ड तिरपं करून बघत होते. खरंच चमकत होतं.

"मावशी, कार्डावर बघा, एका बाजूची तार किती?"

"दहा मीटर."

"दहाच ना?"

दोघांचंही लक्ष कार्डात होतं. त्यांनी दगड टाकला, तो परत आला. दुसऱ्यांदा टाकला तेव्हा वर काहीतरी मऊ आवाज झाला. मी वर बघितलं. फांदीला सुपाएवढं काळं मोहोळ होतं आणि ते हलत होतं.

मी डोक्यावर पदर घेऊन पळाले. गोसावींना पळता आलं नाही, कारण सुतळीचं दुसरं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं होतं आणि दगड वर अडकला होता. सोनीबाई तेवढ्यात हंडा घेऊन वर आली. तिने हंडा टाकला, अंगणातली घोंगडी घेतली, गोसावींच्या अंगावर टाकली, विळ्याने सुतळी तोडली आणि त्यांना ओढत आत आणलं. मग चुलीत ओला पाला घालून धूर केला. शेळी ओरडत होती. सोनीबाई पुन्हा घोंगडी घेऊन निघाली, अंगणाच्या निम्म्यातून परत आली. तिच्याही मानेला पाच-सात ठिकाणी चावलं होतं.

"आता भाईर कोनी जायाचं नाय," ती म्हणाली, आणि दाराला पाठ लावून बसली.

टेम्पो खाली उभा होता, पण तो चालवणारा माझ्यापुढे आडवा पडला होता. जवळ फोन म्हणाल तर पेठला. रेडिओ मात्र झोपडीतच होता, त्याची तारही अजून बोरीलाच बांधलेली, म्हणून माईक माझ्या हातात आला, आणि बटण सोडायचं असतं हे मला तिथे कळलं.

बटण सोडल्यावर आवाज आला तो सरांचा नव्हता. गुजरातकडचा कुणीतरी होता, हिंदीत अगदी गोडीने विचारत होता, यंग लेडी, आपका नाम? मी म्हटलं, "भाऊ, जरा गप्प बसा, माणूस मरतोय." त्याला मराठी येत होती की आवाजावरून कळलं माहीत नाही, पण त्यानंतर तो बाकीच्यांना गप्प करत राहिला.

मग सर आले. "कोण बोलतंय? परवान्याचं नाव सांगा."

"मी इंदूबाई. लॅमिनेशनवाली."

"गोसावींना माईक द्या."

"त्यांचं तोंड सुजलंय. आग्या मोहोळाने फोडलंय. घशात शिट्टी वाजतेय."

सरांचा आवाज बदलला. वर्गात बोलत असतील तसा झाला. "बाई, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, मग बटण सोडायचं. सकाळी होता तिथेच आहात?"

"तिथेच."

"शुद्धीवर आहेत?"

"आहेत. मला शिकवतायत."

सर गच्चीवरच्या खोलीत, त्यांचा फोन खाली दिवाणखान्यात. भामरे वहिनी जिन्यात उभ्या राहून निरोप वरखाली करत होत्या, ते मला ऐकू येत होतं. पेठच्या दवाखान्यात फोन लागला. डॉक्टर जीपने निघतो म्हणाले, इंजेक्शन घेऊन. मग सरांनी शेजारच्या डॉक्टरीणबाईंना वर बोलावून आणलं. त्यांनी माझ्याशी बोलायला माईक मागितला आणि सरांनी तो दिला.

"नांग्या अंगात राहिल्यात का?" त्यांनी विचारलं.

"काळे काटे दिसतायत. मानेवर, कपाळावर, हातावर. पुष्कळ."

"चिमटीत धरू नका, दाबलं की विष आत जातं. कशाच्या तरी कडेने खरवडून काढा. कडक, पातळ काहीतरी. लवकर."

सोनीबाईचा विळा होता, पण धुरात माणसाच्या गळ्याला विळा कोण लावणार? माझ्या हातात कार्ड होतं. ते मी आडवं धरलं आणि गोसावींच्या कपाळावरून ओढलं. काटे कार्डाला चिकटून आले. पुसायचं, ओढायचं, पुसायचं. मान, कान, गाल, मग दोन्ही हात. गटातले लोक नेहमी कुरकुर करायचे की कड टोचते, खिसा फाटतो, आणि मी म्हणायचे की कड मऊ केली तर पाणी शिरेल. त्या दिवशी कार्डाच्या दोन्ही बाजूंवरचं एकही अक्षर कामाला आलं नाही. कड आली.

सर मध्ये मध्ये विचारायचे, "श्वास?" मी म्हणायचे, "आहे." त्यांची भाषा नेहमी पुस्तकासारखी. तासाभराने मात्र थेट घरची अहिराणी निघाली. "बाई, आते कसं शे?"

तेव्हा मी बटण दाबलं आणि काही बोलले नाही. गोसावींची शिट्टी थांबली होती. मी त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण बारीक, आणि मोठ्या अंतराने. सोनीबाई दारापाशी म्हणाली, "बोल त्याला. ऐकतोय त्यो." मी बटण सोडलं, पुन्हा दाबलं. "आहे. पण कमी आहे. जीप कुठाय?"

"घाटात असेल."

मी गोसावींच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "गोसावी, झोपलात तर सरांना सांगेन की तुम्हाला पाच-सात मिळाले ते पण माझ्या कार्डामुळे." त्यांचे ओठ हलले. शिवी असावी. मला बरं वाटलं.

डॉक्टर वर पोचले तोवर माश्या शांत झाल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या इंजेक्शन दिलं, मग दुसरं. आम्ही तिघं बघत बसलो. मग गोसावींनी जोरात श्वास घेतला, खोकले आणि पाणी मागितलं. मी बटण दाबून सांगितलं, पाणी मागतायत. पलीकडून सरांच्या आधी तो गुजरातकडचा माणूस रडल्यासारखं हसला.

सोनीबाई बाहेर गेली. सादड्याखाली शेळी पडलेली होती. तिने दावं सोडलं, उभी राहिली आणि झोपडीच्या दारातून गोसावींना एवढंच म्हणाली, "वर बघाया नाय येत का तुमाला?"

गोसावी आठवडाभर दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा सर तिथेच बसलेले. म्हणाले, "बाई, तुमचा आवाज पाच-नऊ येत होता. तसं मी सहजासहजी कुणाला म्हणत नाही. जवळच्या बोलण्याला बुटकी तार चांगलीच चालते."

"मग सकाळी पाच-सात का दिले?"

गोसावी पांघरुणातून म्हणाले, "त्यांची सवय आहे. पेपर तपासल्यासारखे देतात."

"आणि मी बोलले त्याचं काय? परवाना नाही मला."

"जिवावर बेतलं की कुणीही बोलावं," सर म्हणाले.

"मग हे कार्डावर का नाही?"

नवीन कार्ड आम्ही मराठीतून केलं. न चमकणारं प्लास्टिक मुंबईहून मागवलं. सगळ्यात वर ओळ टाकली: जिवावर बेतलं तर कुणीही बोला, बटण दाबा, बोला, सोडा, ऐका. आणि तारेच्या कोष्टकाखाली: दगड टाकण्याआधी वर बघा. सर म्हणाले, जगातल्या कुठल्याही कार्डावर असली ओळ नसेल. मी म्हटलं, जगात त्यांना सोनीबाई भेटली नसेल. कड मात्र तशीच ठेवली. पेठचे डॉक्टरही थोडी कार्डं घेऊन गेले, वाचायला नव्हे.

गोसावी पुढच्या महिन्यात टेम्पोत शेळी घालून पठारावर गेले. सोनीबाईने ती ठेवून घेतली. चांगली आहे, म्हणाली, पण ती लय शहाणी व्हती.

दोन हजार सालानंतर मोबाइल आले आणि कार्डं कमी होत गेली. सर गेले तेव्हा गटात पाच-सहा माणसं उरली होती. मी परीक्षा दिली नाही ती नाहीच. सरांनी शेवटपर्यंत विचारलं, मी शेवटपर्यंत नाही म्हटलं. द्यायला हवी होती असं आता कधीकधी वाटतं, पण ते वाटून काही होत नाही. आता गुडघ्यांमुळे मी टपरीही बंद केली. मशीन विकलं, कटर विकला, पण ते डोंगरावरचं कार्ड माझ्याकडे आहे. अजून सुटलेलं नाही.

गोसावी अजून फ्रिज दुरुस्त करतात. सोनीबाई तिथेच पठारावर राहते. त्या दिवशी झोपडीत आम्ही तीन माणसं होतो. तिघंही वाचलो. शेळी वाचली नाही.